सागाच्या पाल्यातले सोयरे

आमच्या साडूंइतका आठ पायांचा गोतावळा असलेला माणूस उभ्या विदर्भात सापडायचा नाही. वाडीला त्यांचं ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे आणि गोदामामागे सागवनाचा एक तुकडा. तिथल्या वाळल्या पाल्यात मुगाएवढा, जाळं न विणता उड्या मारत हिंडणारा एक कोळी राहतो, आणि साडू गोदामापेक्षा त्याच्याकडेच जास्त असतात. ट्रकवाला बिल्टीवरच्या सहीसाठी खोळंबलेला आणि मालक सागाखाली पालथे. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले, तर पोहे संपेपर्यंत यांची नजर छताच्या कोपऱ्यात. मुलीच्या वडिलांना वाटलं, पाहुणे ओल शोधताहेत. दिवाळीच्या सफाईत माझी मेहुणी आधी यांना घराबाहेर काढते, मग जाळी.

हिवाळा सरता सरता बातमी आली, की सागवन तोडून तिथे ट्रकतळ होणार. साडूंचं अन्नपाणी सुटलं. शेवटी त्यांनी कोळ्यांच्या एका अभ्यासक बाईंना गळ घातली. तो दुर्मीळ कोळी तिथे दिसला, तर तोड थांबावी म्हणून त्या वनखात्याला तसं लिहून देणार होत्या. साडूंच्या कोळीपुराणाला कंटाळलेल्या गल्लीलाही हे ऐकून प्रेमाचं भरतं आलं. बाई यायच्या दिवशी सकाळी साडू आणि मी पोचलो, तर शेजारणींनी सागवन लख्ख झाडलेलं, सडा टाकलेला, बुंध्याशी रांगोळी. आणि पाल्याचा ढीग करून शेजारच्या काकू काडी ओढायच्या बेतात.

साडू धावलेच. "काडी नका लावू वं काकू. त्याईचं घर हाय थे."

काकूंचा चेहरा उतरला. "आम्हाले वाटलं, पाहुणी येऊन राहिली, तर जागा झाडून देऊ. आधी काहून नाही सांगितलं, भाऊ?"

वर्षानुवर्षं ज्यांनी दुसरं काही सांगितलंच नाही, ते साडू यावर गप्प राहिले. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मग सगळ्यांनी ओंजळीओंजळीनं, वड्या वाळत घालाव्यात तसा पाला परत पसरला. बाई आल्या, गुडघ्यांवर बसून शोधू लागल्या. ऊन चढलं तरी काही नाही. साडूंकडे बघवेना. अखेर काकूंनीच एक मुडपलेलं पान उचललं, तर आत त्याच कोळ्याची मादी, अंड्यांची पांढरी थैली कवटाळून. बाई हसल्या. लिहून देते, पुढचं मात्र माझ्या हातात नाही, म्हणाल्या.

निकाल अजून यायचाय, पण साग उभे आहेत. साडूंच्या डोळ्यांनी मात्र दगा दिलाय. डॉक्टरांनीही हात टेकले. तरी संध्याकाळी ते सागाखाली जाऊन बसतात आणि काकू पाल्यावर वाकतात. परवा मीही होतो.

"आज हाय का?" साडूंनी विचारलं.

"हाय ना. तुमच्या पायापाशीच हाय. जरासे मांगं सरका, भाऊ."

आजवर सगळ्या जगाला तिथून मागे सरकवणारे आमचे साडू, हसत हसत मागे सरकले.