समुद्राकाठचं गोड पाणी

परदेशी समुद्रकाठी सुट्टीला निघालेलं कुणी भेटलं, की मी न विचारता एक सल्ला देते: घर ठरवण्याआधी तिथलं पिण्याचं पाणी विचारा. लोक हसतात. हसोत बापडे.

मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या दिवसांतली गोष्ट आहे. आमचे हे दोन वर्षं फ्रान्सात मार्सेलजवळ सरकीचं तेल काढायची नवी यंत्रं शिकत होते. शिक्षण संपत आलं तेव्हा त्यांनी लिहिलं, तू इकडे ये, तीन आठवडे समुद्रकाठी राहू आणि मग मिळून घरी परतू. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं, की घडीवर फाटलं.

पत्रात सूचनाच सूचना. भर उन्हाळ्यात येऊ नकोस, त्या वेळी तिथे जत्रा असते. भाद्रपदात ये, गर्दी ओसरते आणि समुद्राचं पाणी मात्र कोमट असतं. मोठ्या शहरात हॉटेलात उतरण्यापेक्षा कोळ्यांच्या खेड्यात दोन खोल्या घेऊ. जरीची लुगडी आणू नकोस, सुती आण. संध्याकाळी वारा बोचतो, एक शाल ठेव. दुपारी दुकानं बंद असतात, तेव्हा भाजी सकाळीच घ्यायची. बोटीवर मळमळेल, आलं आण. पासपोर्टासाठी मी नागपूरला दोन खेपा केल्या आणि सोबतीला एक डॉक्टरीणबाईही मिळाल्या. राहिला होता फक्त सासूबाईंचा होकार.

आमचं गाव अकोला-अकोटच्या मध्ये, खारपाणपट्ट्यात. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. गोड पाण्याचं पिंप दोन कोसांवरून बैलगाडीनं यायचं, ते डाळीला, पाहुण्यांना आणि मला. मी अचलपूरची, मला खारं सोसायचं नाही. सासूबाई स्वतः विहिरीचंच पीत. आमच्याकडे मुलगी देताना आधी त्या गावचं पाणी चाखायची रीत. माझ्या वडिलांनी चाखलं, तोंड वाकडं केलं आणि मुलगा शिकलेला म्हणून होकार दिला.

श्रावणात यांच्या एका स्नेह्यानं मुंबईला उतरून अकोल्यापर्यंत एक बाटली पोचती केली. आईनं समुद्र पाहिलेला नाही, म्हणून समुद्राचं थोडं पाणी पाठवतो, अशी सोबत चिठ्ठी. मुलाची हौस, दुसरं काय! सासूबाईंनी बाटली देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि मग सवयीनं तळहातावर थेंब घेऊन जिभेला लावला. लगेच तोंड वाकडं करून त्यांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं.

त्यांनी सरळ सांगून टाकलं, जायचं नाही. मी परोपरीनं समजावलं, की समुद्र सगळीकडे खाराच असतो, तो कुणी पीत नाही, गावात विहिरी निराळ्या असतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "येवढं खारं पाणी गावाले लागून हाय, तं विहिरीत गोड कोठून येईन?"

 तिथल्या विहिरींचं यांना पत्रानं विचारावं, तर उत्तर यायला महिना लागणार आणि बोट पंधरा दिवसांवर. मी चिडले. दोन वर्षं नवऱ्याचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि एका थेंबापायी सगळं बुडत होतं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, जेवले तेही तोंड फिरवून.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिंपातून माझा तांब्या भरून देताना त्या म्हणाल्या, "माह्या बापानं पाणी चाखलंच नव्हतं, पोरी. चाळीस साल झाले. तुले एक डाव खाऱ्यात आणलं आमी, दुसऱ्या डावानं कशी पाठवू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला.  पिंपावर झाकण ठेवून त्या म्हणाल्या, "जा. पण गेल्याबरोबर पयले पाणी चाख. खारं निघालं तं परत ये. त्याची भीड धरू नको."

त्या खेड्याच्या किनाऱ्यावर समुद्राचा रंग कसा होता, असं मला सगळे विचारतात. खरं सांगायचं तर मी तो दुसऱ्या दिवशी पाहिला. पहिल्या दिवशी सामानही न उतरवता घरमालकिणीकडे खुणेनं पाणी मागितलं. मागच्या डोंगरातल्या झऱ्याचं होतं, गार आणि गोड. मला रडू कोसळलं आणि हे घाबरून गेले. त्याच संध्याकाळी घरी पत्र टाकलं. त्यात समुद्राचा उल्लेख नव्हता, पाणी गोड आहे एवढंच होतं.

येताना एक बाटली त्या झऱ्यावर भरून घेतली. सासूबाईंनी ती देवापुढे ठेवली नाही, पाहुण्यांना दिली नाही, मलाही दिली नाही. तीन दिवस पुरवून पुरवून एकट्या प्यायल्या.