कासमभाईंची अकरा बाय नऊ

कासमभाईंना पत्ता विचारायचा तर हाताशी वेळ ठेवून विचारावा. "पेट्रोल पंप होता ना, तिथनं उजवीकडं. मग ज्या दवारावर आता सिग्नल झालाय, तिथं डावीकडं." दवार म्हणजे गोल चौक. सर्व्हेअरच्या हाताखाली एकतीस वर्षं दोहाचे रस्ते मोजलेला हा रत्नागिरीचा माणूस नसलेल्या गोष्टींवरून बिनचूक रस्ता सांगतो, आणि आम्ही मोबाईलमध्ये बघून चुकतो.

मी त्यांच्याच कंपनीत, अल रय्यानच्या ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. नवं ड्रॉइंग आलं की जुन्यावर 'रद्द'चा शिक्का मारायचा, हे माझं काम. त्याआधी मी 'नाटकातला अवकाश आणि शहर' या विषयावर एम.फिल. केलं होतं. प्रबंध तिघांनी वाचला, आणि त्यातल्या एका परीक्षकाबद्दल मला अजून शंका आहे. तरी खुमखुमी जिरत नाही. यंदा मराठी मंडळासाठी मी एकांकिका लिहिली. पात्रं तीन: व्यक्ती एक, व्यक्ती दोन आणि भिंत. भिंतीचं काम करणारा चेतन पहिल्याच तालमीत म्हणाला, "राजश्रीताई, मी नक्की कुठल्या खोलीची भिंत?" मी त्याला पाऊण तास सत्ता आणि अवकाश यांचं नातं समजावलं. पुढच्या तालमीला तो उशिरा आला.

त्याच सुमारास कासमभाईंची निवृत्ती जवळ आली. गावी कायमचं परतण्याआधी त्यांनी रुकैयाभाभींना महिन्याभरासाठी बोलावून घेतलं. लग्नानंतर चार वर्षं भाभी इथंच होत्या. अल मुंतझा भागात एका जुन्या घराच्या मागच्या अंगणातल्या खोलीत दोघांनी संसार थाटला, तिथंच त्यांची मुलगी नबीला रांगायला लागली. ती जागा एकदा बघून जायची, एवढीच भाभींची इच्छा होती.

तीन दिवस संध्याकाळी दोघं फिरले. खोली नाही, घर नाही, गल्लीसुद्धा नाही. अख्ख्या गावाला रस्ता सांगणाऱ्या माणसाला स्वतःची खोली सापडेना. ऑफिसात येऊन त्यांनी मला हे सांगितलं. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी बोलते. "कासमभाई, शहर ही मुळात स्मृतीचीच रचना असते," मी म्हणाले.

"असंल, मॅडम," ते म्हणाले. "पण बायकोला काय दाखवू?"

यावर माझ्या प्रबंधात काही नव्हतं.

शुक्रवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये तालीम होती. जमिनीवर चिकटपट्टीनं शहर आखायचं होतं, म्हणून मी कासमभाईंना बोलावलं. सोबत भाभीही आल्या आणि मागच्या खुर्चीत बसल्या.

"किती बाय किती?" कासमभाईंनी विचारलं.

"अमर्याद," मी म्हणाले.

"मॅडम, पट्टीचं बंडल एकच हाय."

"मग तुम्हाला हवं तेवढं आखा," मी जरा फणकाऱ्यानंच म्हणाले आणि स्क्रिप्टमध्ये डोकं घातलं.

ते ओणवे झाले. मोजपट्टी न लावता, नुसत्या पावलांनी मापं घेत त्यांनी अकरा फूट बाय नऊ फुटांचा एक चौकोन आखला. दारापुरती जागा मोकळी सोडली. कोपऱ्यात आणखी एक छोटा चौकोन काढला.

मागून भाभी म्हणाल्या, "मोरी त्या अंगाला नव्हती."

कासमभाई चमकून उभे राहिले. "मग?"

"खिडकीखाली होती. पोरीला आंघोळ घालताना ऊन यायचं, विसरलात?"

त्यांनी मुकाट्यानं पट्टी उपटली आणि खिडकीखाली लावली. भाभी उठल्या. चौकोनाशी आल्या, दारासमोर चपला काढल्या आणि आत गेल्या. उगाच इकडंतिकडं बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बाई, तुम्ही मोरीत उभ्या आहात. पाय भिजतील."

मी खाली बघितलं. मी बूट घालून उभी होते. भिंत ओलांडून कधी आत शिरले, ते मला कळलंसुद्धा नव्हतं. अवकाश या विषयात मला 'अ' श्रेणी मिळाली होती.

चेतन कुणी न सांगता खिडकीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. आपण कुठल्या खोलीची भिंत, हे त्याला आता विचारावं लागलं नाही.

पाच वाजता शाळेचा वॉचमन आला. "खलास! पट्टी निकालो, फर्श खराब होगा." कासमभाई गुडघ्यावर बसले आणि त्यांनी पट्टीचं टोक नखानं सोडवलं.

"थांबा," भाभी म्हणाल्या. "मागल्या खेपेला खोली पाडली तेव्हा मी गावाला होते. आज मी बाहेर येईपर्यंत तरी थांबा."

त्यांचा हात थांबला. भाभी दारातून बाहेर आल्या आणि चपला घातल्या. मग दोघंही माझ्याकडं बघत राहिले, कारण मी अजून आतच होते. मी बूट काढून हातात घेतले आणि दारातून बाहेर आले.