सीडीवरचा पापुद्रा

गल्लीतली लहानथोर सगळी तिला वहिनीच म्हणत. नवरा समारंभांचं शूटिंग करायचा. तो कॅमेरा खांद्यावर टाकून मिरवणार, लोक त्याला हात धरून जेवायला बसवणार, आणि त्यानंतरचं सगळं निस्तरायला वहिनी. घरच्या कॉम्प्युटरपुढे बसून एकेक सीडी भरायची. एक आत ढकलायची, दुसरी बाहेर काढायची, मधल्या वेळात भाजी निवडायची. "यापेक्षा दळण परवडलं," ती म्हणायची, "निदान शेवटी पीठ तरी दिसतं. सीडी भरलेली काय न् कोरी काय, तोंड सारखंच."

कोऱ्या सीड्या आणायचं कामही तिच्याच गळ्यात. ठोक बाजारात काठीला ओवलेली चवडच्या चवड मिळे.

"माल एक नंबर आहे, वहिनी," दुकानदार म्हणायचा.

"मागचाही एक नंबरच होता. निम्म्या नासल्या. बरं, कपाखाली ठेवाव्या म्हटलं तर मधे भोक!"

तो हसायचा, पण भाव काही उतरवायचा नाही. वहिनी चवड पिशवीत घालून पाय ओढत घरी यायची. आल्या आल्या परत तीच खुर्ची, तोच पाठीचा ठणका.

एकदा कारखान्यातले फोरमन निवृत्त झाले. त्यांच्या निरोपसमारंभाचं शूटिंग झालं. नवऱ्याच्या डोक्यात आलं, सीडीवर फोरमनचा फोटो छापलेलं गोल लेबल लावू, शोभा येईल. त्याचं डोकं म्हणजे हिचे हात. तिने घरातला गोंद घेतला, लेबल चिकटवलं, वरून हात फिरवला आणि सीडी पाठवून दिली.

सहा-सात महिन्यांनी फोरमन वारले. झोपेतच गेले म्हणे. त्यानंतर काही दिवसांनी त्यांची लेक दारात उभी राहिली. हातात तीच सीडी, तोंड उतरलेलं.

"वहिनी, ही चालत नाहीये. लेबलाला पोपडे आले होते, मशीनमध्ये अडकायला लागली. म्हणून मी ओल्या फडक्याने लेबल ओढलं."

वहिनीने सीडी उजेडात धरली. लेबलाबरोबर वरचा चंदेरी पापुद्राही निघून आला होता. कडेच्या बाजूने तर आरपार खिडकी दिसत होती.

"दुसरी काढून द्या ना. त्यात अगदी शेवटी बाबांनी भाषण केलं होतं. सगळा जन्म कारखान्यात रात्रपाळ्या करण्यात गेला त्यांचा, घरात कधी धड बोलले नाहीत. तिथे मात्र आईबद्दल बोलले. आईला तेवढं ऐकायचंय."

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं. कॅमेऱ्याच्या कॅसेटवर त्याने केव्हाच दुसरा समारंभ उतरवला होता. कॉम्प्युटरमधलं तर जागा होईना म्हणून वहिनीनेच पुसलं होतं.

"लेबल ओढायचं नसतं हो," तो पुटपुटला.

"मग चिकटवायचं कशाला?" लेक म्हणाली.

"मी चिकटवलं," वहिनी म्हणाली. तिने खुर्ची पुढे ओढली. "बस. बघू काय राहिलंय ते."

सीडी आतून बाहेर भरत जाते, म्हणजे सुरुवातीचं मधे आणि शेवटचं कडेला. पापुद्रा गेला होता कडेचा. तिने सीडी लावली. मशीन घरघरलं, अडखळलं आणि चालू झालं. पडद्यावर कारखान्याचे साहेब माईक धरून उभे. शिस्त, उत्पादन, कंपनीची प्रगती. साहेबांचं भाषण अगदी ठणठणीत राहिलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"जे जायला हवं ते नेमकं जात नाही," नवरा म्हणाला.

मागच्या खुर्चीत फोरमन बसले होते. गळ्यातला हार हनुवटीला टोचतोय, आणि मान हळूहळू खाली चाललीय. आयुष्यभराची झोप त्यांना भर सभेत गाठत होती. एकदम दचकून ते जागे झाले, शेजारच्याकडे वाकले. आवाज बारीक, पण आला.

"पाणी मिळेल का हो जरा?"

मग साहेब पुन्हा प्रगतीवर आले. थोड्या वेळाने चित्र फाटलं, गोठलं, आणि मशीन थांबलं. वहिनीने पुसून पाहिलं, दुसऱ्या मशीनवर लावून पाहिलं. पुढे काही नव्हतंच.

"भाषण गेलं ग," ती म्हणाली. "खोटा धीर देत नाही तुला."

लेक म्हणाली, "ते पाण्याचं परत लावा."

वहिनीने लावलं. परत लावलं. आणखी एकदा लावलं.

"पाळीवरून आले की उंबऱ्यातून पहिलं वाक्य हेच असायचं त्यांचं," लेक म्हणाली. डोळे पुसता पुसता तिला हसूही आलं. "तेव्हा आई वैतागायची. म्हणायची, 'दुसरं काही बोलता येत नाही का?' एवढंच द्या काढून. साहेबांसकट चालेल."

वहिनीने चवडीतली कोरी सीडी काढून मशीनमध्ये ढकलली. दिवा लुकलुकायला लागला. पाठ इतकी धरली होती की तिला सरळ होता येईना.

"वहिनी, तुम्ही पडा जरा. झाली की मी हाक मारते."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर वहिनी ऐकती ना. ती तिथेच भिंतीला लागून आडवी झाली. मशीन घरघरत होतं, आणि लेक पदराची घडी मांडीवर घालून, ते संपायची वाट पाहत बसली होती.