बिसेनांच्या वाडीतला पाचवा दिवा

मी गोंदियाजवळ कुडव्याला राहतो, वायरमनचं काम करतो. आमच्या धंद्यात विश्वास-बिश्वास काही नसतो... टेस्टर लावला की करंट आहे किंवा नाही, एवढंच. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की पहिला हसणारा मीच असायचो. आजही दुसऱ्यांच्या गोष्टी ऐकून हसू येतं, खोटं कशाला सांगू. फक्त या एका गोष्टीवर येत नाही — कारण यात मी स्वतः मार खाल्लाय, आणि एका माणसाला जिवानिशी मारायला निघाल्याचा आळही माझ्यावरच आला.

२००७ ची गोष्ट. धान कापून झालं होतं, थंडी पडायला लागली होती. इटियाडोह धरणाच्या कालव्याला लागून एक गाव आहे, नाव मुद्दाम देत नाही. तिथले हिरालाल बिसेन, पोवार शेतकरी. पन्नाशीचे, आडदांड, बोलायला एकदम रोखठोक. त्यांनी नवीन घर बांधलं होतं आणि पंधरा दिवसांत बिबट्यानं त्यांची दोन वासरं घरामागच्या वाडीतून उचलून नेली होती. वाडी म्हणजे कुंपणातली मोकळी जागा... गोठा, धानाच्या तणसाचा ढीग, थोडा भाजीपाला.

"मिस्त्री, असा उजेड पाड का सुई पडली तरी दिसली पायजे," हिरालाल भाऊ म्हणाले. "कुठंच अंधार नोको."

दुपारभर त्यांच्यासोबत फिरून मी कागदावर पॉइंट काढले. फाटकावर एक, अंगणात तुळशीपाशी एक, हातपंपावर एक, गोठ्याच्या दाराशी एक. आणि पाचवा वाडीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथून जनावर आत शिरायचं तिथे... लोखंडी खांबावर पाचशे वॅटचा हॅलोजन. सगळी बटणं मागच्या ओसरीत.

दोन दिवसांत काम उरकलं. दिवेलागणीला टेस्टिंग. बटणांपाशी भाऊंची बायको, सुगन वहिनी. चार दिवे बरोबर लागले. पाचवा लागला तेव्हा मी खांबाखाली उभा राहून वर बघत होतो, उजेड कुठवर जातो ते.

पाठीत फाडकन फटका बसला.

करंट नव्हता तो. करंट मी शेकडो वेळा खाल्लाय — तो माणसाला आतून आवळतो. हा बाहेरून आला होता, काठीसारखा. दुसरा गुडघ्यामागे, तिसरा कानावर. मी तोंडावर पडलो. "बंद करा!" एवढंच ओरडलो. वहिनींनी बटण दाबलं आणि मार थांबला.

भाऊ धावत आले. पाठीवर माझा शर्ट आडवा फाटला होता, खाली बोटाएवढा जाड वळ. सकाळीच वाडीला पाणी दिलेलं, जमीन ओली होती. टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर खांबाभोवती फक्त माझ्याच पायांचे ठसे.

दुसऱ्या दिवशी मी मीटर घेऊन सगळी लाइन तपासली. अर्थिंग, जॉइंट, खांब... कुठे काही नाही. शेजारी मडावी काका म्हणून गोंड म्हातारे होते, त्यांना भाऊंनी विचारलं, इथे पूर्वी काही होतं का, कोणी मेलं-बिलं का. काका म्हणाले, "काही नाही गा. असतं तं घर बांधाच्या आंधीच सांगतलं असतं."

"भाऊ, खांब दुसरीकडे लावू," मी म्हटलं.

त्यावर ते चिडलेच. "कायले? जागा माझी, खांब माझा. माझ्या वाडीत मलेच कोन मारते, पाहतो ना मी!"

त्या संध्याकाळी ते कुऱ्हाड घेऊन खांबाखाली जाऊन उभे राहिले. मी आणि वहिनी ओसरीत, पंचवीस-तीस फुटांवर.

"लाव वो लाइट!"

"नोका ना जी..."

"लाव म्हणतो ना!"

वहिनींनी डाव्या हातानं माझा हात घट्ट धरला आणि उजव्यानं बटण दाबलं.

क्षणभर काहीच नाही. मग कोणी हाक मारल्यासारखे भाऊ वळले. कुऱ्हाड उगारली, आणि उगारलेला हात मधूनच वाकला. कोपर आणि मनगटाच्या मध्ये. वाळला बांबू मोडावा तसा आवाज आला. कुऱ्हाड दूर जाऊन पडली. मग त्यांचं डोकं एका बाजूला गेलं, लगेच दुसऱ्या बाजूला. तोंडातून रक्त उडालेलं मला उजेडात स्वच्छ दिसलं. मारणारं कोणी दिसत नव्हतं.

वहिनींनी बटण बंद केलं. आदल्या दिवशी थांबलं होतं... त्या दिवशी थांबलं नाही. अंधारात फळीवर धानाच्या पेंढ्या झोडाव्यात तसा आवाज चालूच राहिला. एकसारखा, न घाई करता. आणि भाऊंचं ओरडणं बारीक होत चाललेलं.

"लावा, लावा!" मी किंचाळलो.

उजेड पडला. भाऊ जमिनीवर होते, अंग फटक्यागणिक उडत होतं. खरं सांगतो, माझे पाय हलले नाहीत. तीन फटके मी खाल्लेले होते, मला माहीत होतं तिथे काय आहे. वहिनींनी माझा हात झटकला आणि धावत जाऊन नवऱ्याच्या अंगावर पडल्या.

"मारा! आता मले मारा!"

सगळं थांबलं. त्यांना एक बोटसुद्धा लागलं नाही.

जीपमध्ये घालून गोंदियाला नेलं. हात मोडलेला, जबडा मोडलेला, तीन बरगड्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कितने लोग थे?" पोलीस आले. भाऊंना उचलताना माझा शर्ट रक्तानं भरला होता आणि घरचा नसलेला तिथे मी एकटाच. दोन दिवस ठाण्यात बसवलं. काठी कुठे टाकली, सोबत कोण होतं, हेच पुन्हा पुन्हा.

मला सोडवलं वहिनींनी. ठाण्यात येऊन सांगितलं, "मिस्त्री माझ्या बाजूले उभा होता. त्याचा हात मीच धरून होती." भाऊंना तर बोलताच येत नव्हतं, त्यांनी फक्त होकाराची मान हलवली. केस पुढे गेली नाही. पण त्या भागात मला पुन्हा काम मिळालं नाही. अर्धं गाव अजून म्हणतं, मिस्त्रीनंच मारलं.

पाच-सहा वर्षांनी भाऊ गोंदियाच्या बाजारात भेटले, ओढूनच घरी घेऊन गेले. हात वाकडाच जुळलेला. पाचवा दिवा काढून टाकला होता. चहा देऊन वहिनी आत गेल्या, तेव्हा मी विचारलंच.

"भाऊ, त्या दिवशी तुमाले काही दिसलं होतं का?"

त्यांनी बशी खाली ठेवली.

"दिसला ना. समोरासमोर दिसला."

"कोन?"

"तू."

मी म्हणालो, "मंग पोलिसाले काऊन नाही सांगतलं?"

"बाई म्हणते तू तिच्यापाशी होता. ती मले वाचवाले मराले आली गा. तिले खोटी कशी पाडू?" मग माझ्या कपाकडे बोट दाखवून म्हणाले, "पी ना, थंडा होऊन राह्यला."

भाऊंना मार बसला त्या रात्री दवाखान्यात मी माझ्या तळहातातून वहिनींच्या बांगडीची काच काढली होती, म्हणजे मी ओसरीतच होतो. हे मला पक्कं माहीत आहे. पुढचा आठवडाभर माझा उजवा खांदा मात्र असा दुखत होता की स्क्रूड्रायव्हर धरवत नव्हता. लोखंडी खांब उचलला होता, त्यानं दुखला असेल... असंच मी धरून चाललोय. याहून जास्त मला काही सांगता येत नाही, भाऊंनाही नाही.

आमचं जाणं-येणं अजून आहे. भाऊ प्रेमानं बोलवतात, जेवू घालतात. फक्त माझ्याकडे ते कधी पाठ करत नाहीत.