अंगठा आणि तारल्यांचं तिखलं

माझा आजार सापडला तो पायाच्या अंगठ्यामुळे. एका सकाळी डावा अंगठा टोमॅटोसारखा लाल होऊन सुजला. नुसती चादर लागली तरी मी किंचाळत होते. मुलुंडच्या आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. युरिक अ‍ॅसिड वाढलेलं होतंच, पण पांढऱ्या पेशी इतक्या निघाल्या की लॅबवाल्यांनी नमुना पुन्हा मागवला.

मग मोठे डॉक्टर, कंबरेच्या हाडात सुई आणि निदान: रक्ताचा कर्करोग, पण सावकाश वाढणारा.

"रोज एक गोळी घ्यायची. लोक वर्षानुवर्षं छान जगतात," डॉक्टर म्हणाले. "या पेशी मरतात तेव्हा युरिक अ‍ॅसिड तयार होतं, ते सांध्यात जाऊन बसतं. तेव्हा तारले, बांगडे, सुकट, अशी मासळी बंद."

नवरा पांढराफटक पडला होता. मी विचारलं, "सुकटसुद्धा?"

"अगं, ते सांगतायत काय, तू विचारतेस काय!"

बाहेर येताच त्याने जाहीर केलं, "तुला नाही तर मलाही नाही." लग्नाला पंचवीस वर्षं झाली, एवढा त्याग पहिल्यांदाच. मला रडू आलं.

पडवळ आणि दुधीवर तीन आठवडे काढले. मग मी दर बुधवारी फिजिओथेरपीला जाऊ लागले. म्हणजे विक्रोळीला, थोरल्या बहिणीकडे. "दोन तारल्यांन काय होता गो?" म्हणत ती चार वाढायची.

युरिक अ‍ॅसिड काही उतरेना. डॉक्टर बुचकळ्यात पडले. नवरा छातीवर हात ठेवून म्हणाला, "घरात मासळी येतच नाही, डॉक्टर." ते खरंच होतं.

एकदा बुधवारी पाहुणे येणार होते, म्हणून मी मंगळवारीच लंगडत बहिणीकडे गेले. दारात ओळखीच्या चपला. आत नवरा, समोर तारल्यांचं झणझणीत तिखलं, बोटं लालभडक.

बहीण ओरडली, "तू आज कशी? तुझो वार उद्या ना गो!"

"तुझी ऑफिसात मीटिंग होती ना?" मी म्हटलं.

"आणि तुझी फिजिओथेरपी इथे चालते होय?"

बहिणीला आधी हसू फुटलं, मग आम्हाला. हसता हसता नवऱ्याने एकदम ताट बाजूला सरकवलं. म्हणाला, "माझं सोड, पण तू का खातेस? अंगठा सुजला तेव्हा रडत होतीस दुखण्याने. मला बघवत नव्हतं यार."

पुढच्या तपासणीला मीच सगळं सांगितलं. डॉक्टर चांगलेच चिडले. माझ्या खोटेपणामुळे ते उगाच गोळी वाढवायला निघाले होते.

त्यानंतर सहा महिने पथ्य पाळलं. पेशी ताब्यात आल्या, सूज गेली. आता पंधरा दिवसांतून एकदा सुरमईच्या दोन तुकड्यांची परवानगी आहे. तुकडा केवढा, हे त्यांनी लिहिलेलं नाही. कोळणीला मी सांगते, "दोनच दे गं, पण मधले दे. आणि जाड काप."