भुकटीतली रेघ

पेणजवळच्या जोहे गावात कमळाकरदादांच्या कारखान्यातल्या गणपतींचे डोळे उघडायचे ते जनीकाकीच्याच हातून. सव्वीस वर्षं ती पाटावर वाकून बसत आली होती. त्यामुळे एका गणपतीनंतर तिची पाठ ठणकायला लागली, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. डोळ्यांची आखणी करणाऱ्याची पाठ दुखायचीच; दुखत नसेल तर हात अजून कच्चा, असं इथं मानतात. संध्याकाळची कणकण यायची, अंग उतरत चाललं होतं. तिनं कंबर ओढणीनं आवळली आणि ब्रश चालू ठेवला.

फाल्गुनात एकदा ती एकाच पायात चप्पल घालून घरी पोचली. काकीचं लक्ष देवाच्या डोळ्यांत, म्हणत दादा हसले. तीही हसली. चप्पल निघाल्याचं पायाला कळलंच नव्हतं, हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही.

ओळखलं पूजानं. पूजा मूर्ती घासायची, त्याची पांढरी भुकटी जमिनीभर पसरायची. झाडायला वाकलेली पूजा तशीच थांबली.

"काकी, मागं बघ गो."

एका पावलापासून दुसऱ्या पावलापर्यंत अंगठ्यानं ओढलेली रेघ होती. दोन्ही पायांची.

"दमलेय."

"दमल्यावर पाय जड व्हतो. तुजा लोंबतोय."

पेणच्या डॉक्टरीणबाईंनी तळव्याला टाचणी टोचली, ती जनीकाकीला कळलीच नाही. तपासण्यांत निघालं की टीबीनं दोन मणके पोखरलेत आणि आतला पू पायांकडे जाणाऱ्या नसा दाबतोय.

"मला खोकला नाय. टीबी कसला?"

"छातीत नाही, मणक्यात बसलाय."

"पाय परत येतील?"

बाईंनी औषधांची चिठ्ठी पुढं केली. "गोळ्या एक दिवसही चुकवू नका. मग बघू."

रोह्याला भावाच्या घरी ती तीन महिने उताणी पडून राहिली. मग पाठीला पट्टा, मग काठी. गणपती आले, तेव्हा भावाच्या घरच्या मूर्तीचे डोळे तिनं खुर्चीतून बघितले. परक्या हाताचे.

मार्गशीर्षात ती जोह्याला परतली. आज झाडू नको, असं तिनं पूजाला आधीच सांगून ठेवलं होतं. दारापासून आपल्या जागेपर्यंत ती काठी टेकत चालत गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"सांग."

पूजा वाकली. "उजव्याची नाय." ती आणखी खाली वाकली. "डाव्याची हाय अजून. बारीक."

जनीकाकी वळली. एखादा डोळा तपासावा तशी तिनं ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली.

"पाट नको," ती म्हणाली. "खुर्ची दे. आणि मूर्ती वर ठेव."