टीव्हीपुढचं गाऱ्हाणं

मिठबावच्या घरी मी कॅमेरावाला मोठा टीव्ही बसवून दिला, म्हणजे ओरोसहून सारखं जायला नको. पहिल्याच व्हिडिओ कॉलला बाबांनी टीव्हीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं सुरू केलं, “बा देवा म्हाराजा, झिलान ह्यो टीव्ही धाडल्यान, त्येका बरो ठेव.”

आमच्याकडे अशा प्रत्येक वाक्याला हजर माणसांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं असतं. आई एकटीच म्हणाली. मी माइक बंद करून मोबाइलवर ऑफिसचे मेसेज बघत होतो. बाबा थांबले. आता का थांबलेत, म्हणून मी वैतागलोच.

त्यांनी आईला विचारलं, “तो आसा मां थंय?”

आईने टीव्हीकडे निरखून पाहिलं. म्हणाली, “दिसता तर खरो.”